बळीराम मीटरवाल्याचं कुत्रं

बळीरामजी गजभियेंच्या डाव्या पोटरीवर कुत्र्याच्या दातांची खूण होती, आणि पँटचा पाय वर करून ती कोणालाही दाखवायला ते लाजत नसत. वीज मंडळात त्यांचं काम मीटर वाचण्याचं. सकाळी सायकलला डबा अडकवायचा, खिशात टॉर्च टाकायची आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत लोकांच्या फाटकांच्या कड्या वाजवत हिंडायचं. अर्धं नागपूर त्यांना मालकांच्या नावांनी कमी आणि कुत्र्यांवरून जास्त ठाऊक होतं. कोणी पत्ता विचारला तर ते सांगत, "तो लंगडा काळा कुत्रा बसून राहते ना, त्याच्या समोरची गल्ली."

त्यांचं म्हणणं असं की, घर बांधताना माणूस मीटर जिन्याखाली बसवतो आणि पुढं कुत्रं पाळलं की तेही जिन्याखालीच बांधतो. त्या दोघांची गाठ घालून द्यायची ती बळीरामजींनी. तेवढ्यात गच्चीवरून मालकाचा आवाज येतो, "या हो बिनधास्त, काही करत नाही तो!" तमाम कुत्रेवाल्यांना हे एक वाक्य पाठ असतं. ते ऐकलं की बळीरामजी सायकल आडवी धरत. साखळीपेक्षा सायकलवर त्यांचा भरवसा जास्त.

ज्या कुत्र्यानं ती खूण दिली त्याचं नाव वजीर. धंतोलीत यमुताई म्हणून एका वकिलाच्या विधवा राहत, त्यांचा हा कुत्रा. आई अल्सेशियन आणि बाप नाल्यावरचा कोणीतरी, अशा घराण्यातला. अंगानं वासराएवढा, रंगानं तांबूस, एक कान उभा आणि दुसरा पडलेला. यमुताई त्या दिवशी दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "काही करत नाही हो, नुसता वास घेतो." वजीरनं वास दातांनी घेतला. मग बळीरामजींनी पोटात चौदा इंजेक्शनं घेतली. त्या काळी ती तशीच असत, बेंबीच्या भोवती रोज एक. शेवटी शेवटी नर्सला सुई कुठं टोचावी ते कळेना. मीराबाई, त्यांची बायको, रोज गरम पाण्यानं पोट शेकून द्यायची आणि त्या कुत्र्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

यमुताईंच्या मात्र ते मनाला फार लागलं होतं. पुढं मीटरवाल्याचा दिवस आला की त्या वजीरला मागच्या अंगणात बांधून ठेवत, आणि बळीरामजींना चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नसत. वजीर मागून भुंकून भुंकून अंगण डोक्यावर घेई. बळीरामजींचा त्याच्यावर तसा राग नव्हता. ते म्हणायचे, "कुत्र्याचा काय दोष? मी कोन होय ते त्याले कोनी सांगतलंच नोतं."

सन चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते त्या बंगल्यावर गेले तेव्हा फाटकाला कुलूप होतं. शेजारी कळलं की यमुताईंना त्यांचा मुलगा गिरिधर इंदूरला घेऊन गेला, बंगला विकला, पाडून तिथं मोठी इमारत व्हायची आहे. मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर, तिथं वजीर मावेना, म्हणून यमुताईंनी तो माळ्याच्या स्वाधीन केला होता. माळ्यानं काही दिवस नेला, पण कुत्रा राहीना. दोरी तोडून परत आला आणि कुलूप लावलेल्या फाटकासमोर बसला.

बळीरामजींनी त्याला पाहिलं आणि सवयीनं सायकल आडवी धरली. वजीरनं मान वर केली, ओळखलं, आणि पुन्हा पंजांवर टेकली. भुंकला नाही.

त्या न भुंकण्यानंच बळीरामजींचं काळीज हललं. इतकी वर्षं हा प्राणी आपल्या नावानं शंख करतो आहे, आणि आज याला तेवढाही जीव उरला नाही? डब्यातली भाकर त्यांनी लांबूनच टाकली. दुसऱ्या दिवशी तो रस्ता नसताना ते मुद्दाम वाकडी वाट करून गेले. तिसऱ्या दिवशीही. मग भाकर लांबून टाकावी लागेना. पुढच्या रविवारी मीराबाई दारात धान्य निवडत बसली होती, तर समोरून नवरा सायकल हातात धरून पायी येतोय आणि सायकलच्या दांडीला बांधलेला हा वासराएवढा कुत्रा मागून चालतोय.

"काय आनून राहिले जी हे?" ती उठून उभी राहिली.

"कुत्रं."

"ते दिसून राहिलं मले. कोनाचं?"

"आता आपलंच." बळीरामजींनी सायकल भिंतीला टेकवली. "वजीर होय त्याचं नाव."

मीराबाईच्या हातातलं सूप तिरकं झालं. "वजीर? तोच का?"

"तोच."

"काहून जी, दुसरं कुत्रं नोतं का नागपुरात? ज्यानं फाडून खाल्लं त्यालेच घरी आनलं?"

"दुसरं कुत्रं चावलं तं मले नवीन इंजेक्शन घ्या लागन," बळीरामजी म्हणाले. "याचं तं घेऊन झालं."

मीराबाईला हसू आलं आणि तिथंच ती हरली. भिंतीवर तथागतांची तसबीर होती, तिच्यासमोर नवरा-बायको रोज संध्याकाळी पंचशील म्हणत. प्राण्याला इजा करणार नाही हे त्यातलं पहिलंच वचन. तिकडं एकवार पाहून तिनं वजीरपुढं पाण्याचं जर्मनचं भांडं ठेवलं, आणि वजीरनं ते रिकामं केलं. दोन्ही पोरी लग्न होऊन गेल्यापासून घरात कोणी एवढ्या मनानं काही संपवलं नव्हतं.

आता बळीरामजी फाटकाच्या दुसऱ्या बाजूला आले. आजवर कुत्रं लोकांचं आणि पोटरी आपली होती. यापुढं पोटऱ्या लोकांच्या. या विचारानं त्यांना पहिल्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्यांचं घर सक्करदऱ्याच्या तलावाच्या अलीकडं एका गल्लीत होतं. दोन खोल्या, मागं परसदार, पुढं ओटा. भिंतीला भिंत लागून मारोतराव पौनीकरांचं घर, दोन्ही परसदारांच्या मध्ये कमरेएवढी विटांची भिंत. मारोतराव लकडगंजात लाकडाच्या टालीवर मुनीम. स्वभावानं वाईट नव्हते, पण जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याला त्रास द्यायलाच निर्माण झाली आहे अशी त्यांची पक्की खात्री होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बळीरामजी स्वच्छ सदरा घालून गल्लीतल्या घरोघर गेले. लोकांना वाटलं, पोरीकडं काही गोड बातमी असेल. तर हे म्हणाले, "घरी कुत्रं आनलं मी. तुमाले उलूसाही त्रास झाला तं मले येऊन सांगजा. कुत्र्याले दगड नका मारू, मले शिव्या द्या." असं कुत्र्यासाठी कोणी दारोदार सांगत फिरतं का? पण माणसाला विचारलं की त्याला बरं वाटतं. बहुतेकांनी मान डोलावली. मारोतरावांनी मात्र हात जोडले.

"बळीरामजी, तुमी साप पाळा, मी नाही म्हननार नाही. साप भुंकत नाही. पन कुत्रं नको गा!"

"मारोतराव, मले महिनाभर द्या. तुमाले जमलं नाही तं मी याले दुसरीकडं सोय पाहून देतो."

"शब्द?"

"शब्द."

तो शब्द पाळण्यासाठी बळीरामजींनी जे जे केलं, त्याची गल्लीत बरेच दिवस करमणूक झाली. जनावरांच्या दवाखान्यात नेऊन त्यांनी वजीरला पिसाळण्याविरुद्धची लस टोचून आणली. कॉर्पोरेशनमध्ये जाऊन त्याच्या गळ्यात पितळी बिल्ला बांधून आणला. चांभाराकडून त्याच्यासाठी मुसकं शिवून घेतलं. बैलाला घालतात तसंच, पण मऊ चामड्याचं, आतून पाणी पिता येईल इतकं सैल. चांभार म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदाच कोणी कुत्र्याचं माप देऊन गेलं. फाटकावर लोक 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी लावत. बळीरामजींना त्या पाटीचा जुना राग होता. सावध राहून माणसानं करायचं तरी काय? त्यांनी आपल्या फाटकावर खडूनं लिहिलं, 'कुत्रं आहे. आवाज द्या. आम्ही बांधतो, मग आत या.' पाऊस पडून अक्षरं गेली की ते पुन्हा लिहीत.

पोस्टमन, दूधवाला, भाजीवाली, एकेकाला त्यांनी बोलावलं, वजीरला बसवलं, आणि ओळख करून दिल्यासारखं सांगितलं, "हे आपले होत. यांच्यावर भुंकायचं नाही." भाजीवालीनं एक गाजर दिलं. तेव्हापासून तिची हाक आली की वजीर शेपटीनं ओटा झाडू लागला.

सगळ्यात जास्त हसले लोक ते सकाळच्या फेरीला. कुत्र्याला फिरवायचं म्हणजे दुसऱ्याच्या दारापर्यंत न्यायचं आणि आपण आभाळाकडं पाहत उभं राहायचं, ही त्या काळची रीत. बळीरामजी एका हातात साखळी आणि दुसऱ्या हातात खुरपं, राखेचा डबा आणि एक जुनी टोपली घेऊन निघत. वजीरनं जिथं केलं तिथं राख टाकायची, खुरप्यानं उचलायचं, टोपलीत भरायचं, पार तलावाच्या बाजूला खड्डा खणून पुरायचं. नळावर पाणी भरणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत. कोणीतरी मीराबाईला म्हणालं, "काहून वं, तुहा मालक कुत्र्याच्या मागं नोकरीले लागला का?"

"त्याची बदली झाली," मीराबाई म्हणाली. "पह्यले मीटर पाहे, आता हे पाहते."

घरी येऊन मात्र तिनं नवऱ्याला विचारलं, "तुमाले लाज नाही वाटत?"

"मले दुसऱ्याच्या घाणीत पाय देऊन लोकाच्या घरात जा लागलं तेव्हा जास्त वाटली होती," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीपासून राखेचा डबा भरून दाराशी ठेवलेला असे.

एकच दुखणं राहिलं, ते भोंग्याचं. गिरणीचा भोंगा वाजला की वजीर आभाळाकडं तोंड करून असा सूर लावी की गल्लीतली म्हातारी माणसं छातीवर हात ठेवत. आणि सकाळचा भोंगा म्हणजे नेमकी मारोतरावांच्या पूजेची वेळ. भिंतीपलीकडून ते ओरडत, "बळीरामजी, देव उठून चालला माझा!" बळीरामजींनी बरेच उपाय केले. दटावलं, चुचकारलं, कानावर फडकं बांधलं. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं की तोंडात भाकर असली की कुत्र्याला गाता येत नाही. मग वजीरचं सकाळचं खाणं भोंग्याच्या वेळेवर गेलं. भोंगा वाजायचा, वजीर भाकरीतून डोळे वर करायचा, गावं की खावं असा क्षणभर विचार करायचा आणि खायचा. भिंतीपलीकडं घंटा निर्विघ्न वाजू लागली. महिना झाला, दोन झाले. मारोतरावांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

आणि मग पोळ्याचा सण आला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारी मोठी बाहुली, निघते हे कोणाला सांगायला नको. मोठ्या मारबती शहरात निघतात, पण गल्लीगल्लीतले पोट्टेही आपापला बडग्या, म्हणजे चिंध्या-कागदाचा पुतळा, करून मिरवतात. त्या वर्षी सक्करदऱ्याच्या पोट्ट्यांनी महागाईचा भलामोठा बडग्या केला होता. ढोल-ताशे, फटाके आणि "घेऊन जा गे मारबत" असा गलका. बळीरामजींना हे ठाऊक होतं. त्यांनी आदल्या दिवशीच ठरवून त्या दिवशी सुटी घेतली, वजीरला आतल्या खोलीत नेलं, रेडिओ मोठ्यानं लावला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मिरवणूक आली, गाजली, कोपऱ्यावरून वळली. वजीर थरथरत होता, पण होता जागेवर. ढोल लांब गेले तसे बळीरामजी उठले, म्हणाले, "झालं बापा, झालं," आणि तोंडावर पाणी मारायला मागचं दार उघडून परसदारी गेले. मुसकं खिळ्यालाच राहिलं होतं. दार त्यांनी नुसतं लोटलं.

त्याच वेळी मागं राहिलेल्या कोणीतरी फटाक्यांची लड मारोतरावांच्या टिनाच्या छपरावर फेकली.

टिनावर फटाके म्हणजे काय ते ज्यानं ऐकलं त्यालाच कळेल. वजीर दारातून बाण सुटावा तसा सुटला, विटांची भिंत ओलांडून मारोतरावांच्या अंगणात पडला. मारोतराव फटाकेवाल्याला शिव्या द्यायला छत्री घेऊन बाहेर आले होते. समोर कुत्रं पाहून त्यांनी छत्री उगारली, वजीर आधीच भ्यालेला, आणि पुढचं एका श्वासात झालं. बळीरामजी भिंतीवरून उडी मारून पोचले तोवर मारोतराव जमिनीवर बसले होते आणि वजीर तुळशीमागं तोंड खुपसून उभा होता.

"चावलं! मेलो मी!" मारोतराव ओरडत होते. त्यांची बायको सिंधूताई कपाळावर हात मारत धावत आली.

बळीरामजींनी आधी वजीरला साखळी लावून मीराबाईच्या हाती दिली. मग मारोतरावांना नळाखाली बसवलं, साबण मागवला, आणि ती पोटरी धुवायला घेतली. धुतच राहिले. दोन दातांचे ओरखडे होते, खोल नव्हते. पण मारोतरावांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि बळीरामजींना त्या चेहऱ्यावर स्वतःचा जुना चेहरा दिसत होता.

"छत्री उगारली म्हनून केलं असंल त्यानं," सिंधूताई म्हणाली. ती भांडण वाढू नये म्हणून बोलत होती.

"नाही ताई," बळीरामजी म्हणाले. "छत्रीचा दोष नाही, फटाक्याचा नाही आन कुत्र्याचाही नाही. दार मी उघडं ठेवलं. चूक माझी होय."

मारोतराव ओरडायचे थांबले. ते भांडायच्या तयारीनं बसले होते, आणि समोरच्यानं भांडणच उचलून नेलं.

सायकलच्या मागं बसवून बळीरामजींनी त्यांना मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, शांत होते. जखम पाहिली, लस टोचल्याचा कागद पाहिला, आणि म्हणाले, "कुत्रं पाळलेलं आहे, लस घेतलेलं आहे, डोळ्यांसमोर आहे. आत्ता पोटात सुया नकोत. दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. खातं का, पाणी पितं का, वागण्यात फरक पडतो का. ठणठणीत राहिलं तर काही करायचं नाही."

"आन मरून गेलं तं?" मारोतरावांनी विचारलं.

"तर त्याच दिवशी माझ्याकडं या. काय ते करू."

परत येताना मारोतराव मागच्या कॅरियरवर पोटरी धरून बसले होते. मग मारोतराव म्हणाले, "बळीरामजी, म्हनजे माहा जीव आता तुमच्या कुत्र्यावर टांगला म्हना."

"तसंच झालं खरं."

"मंग त्याले सांभाळा ना बापा नीट! हवेत नका ठेवू. सर्दी होईन त्याले!"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भिंतीवरून मारोतरावांचं डोकं वर आलं. "उठला का? पानी पेला का?" पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं एवढं त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांचा सगळा जीव त्या पाण्याच्या भांड्यात अडकला होता. वजीरला तहान नव्हती. मारोतराव स्टूल घेऊन भिंतीपाशी बसले. टालीवर जायची वेळ झाली तरी हलेनात. "पी ना राजा. पी. एक घोट घे." वजीरनं भांड्याचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. मारोतरावांना घाम फुटला. मीराबाईनं भाकरीचा एक खारट तुकडा दिला, मग वजीर लपालपा प्यायला लागला, आणि मारोतरावांनी "वा! वा!" म्हणून अशी दाद दिली की सिंधूताई पाहायला बाहेर आली.

मग तो रोजचा नेम झाला. सकाळी पाणी पाहायचं, संध्याकाळी खाणं पाहायचं. दुपारी टालीवरून कोणाच्या तरी हाती निरोप यायचा, "कुत्रं कसं आहे विचारलं मुनीमजींनी." चार-दोन दिवसांत स्टूल भिंतीच्या अलीकडं आलं. आधी ते बळीरामजींनी साखळी धरल्याशिवाय जवळ जात नसत. मग वजीरचं नाक गार आहे की गरम ते पाहायला दोन बोटं पुढं करू लागले. वजीरनं एकदा ती बोटं चाटली. मारोतराव दचकले, हात धुऊन आले, आणि पुन्हा पुढं केला.

एके संध्याकाळी वजीरनं जेवणाला तोंड लावलं नाही. पाण्यालाही नाही. कोपऱ्यात आडवा पडून होता, पोट वर-खाली होत होतं. बळीरामजी चरकले. त्यांना आतून ठाऊक होतं की हे ते दुखणं नाही, पण मारोतरावांना काय सांगणार? सांगावं लागलंच नाही. भिंतीवरून त्यांनी पाहिलं होतं. पायात चप्पल न घालता ते रस्त्यावर धावले आणि सायकलरिक्षा घेऊन आले.

रिक्षावाला म्हणाला, "कुत्र्याले नाही बसवत."

"हे कुत्रं नाही बे, माहा प्राण होय! चल!" मारोतराव गरजले.

असे ते तिघं जनावरांच्या दवाखान्यात निघाले. वजीर मधोमध, डोकं मारोतरावांच्या मांडीवर. पायडल मारता मारता रिक्षावाला मागं वळून पाहत होता. वाटेत एका खड्ड्यात रिक्षा आदळली तेव्हा मारोतरावांनी कुत्र्याला दोन्ही हातांनी धरलं आणि रिक्षावाल्याला जे बोलले ते मीराबाईला सांगताना बळीरामजींनी गाळलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी वजीरचं पोट चाचपलं, डोळे पाहिले, तोंड उघडून पाहिलं. मग विचारलं, "याला खायला काय काय देता?"

"भाकर," बळीरामजी म्हणाले. "कधी उलूसं दूध."

"आणखी?"

बळीरामजींनी मान हलवली. मारोतराव छताकडं पाहू लागले.

"मारोतराव?"

"थोडं... ते पेढे."

"पेढे?"

"रोज दोन-चार. आन सिंधूनं काल पुरनपोळी केली होती त्याच्यासाठी. तूप घालून. म्हटलं, ताकदीत राह्यला पायजे ना कुत्रं!"

डॉक्टरांनी तोंड दुसरीकडं वळवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. बळीरामजींनी पहिल्यांदा मारोतरावांकडं पाहिलं, मग वजीरकडं, आणि ते जे हसायला लागले ते त्यांना थांबवता येईना. इतक्या दिवसांची भीती त्या हसण्यातून बाहेर पडत होती. मारोतराव आधी रागावले, मग तेही हसले, डोळे पुसत पुसत हसले. वजीरला एक जुलाबाचं औषध मिळालं आणि एक दिवस उपास. परतीच्या वाटेवर मारोतरावांनी दोनदा विचारलं, "उपासानं अशक्तपना तं नाही ना येनार त्याले?"

दहा दिवस संपले. मेडिकलमधल्या डॉक्टरांनी मारोतरावांची पोटरी पाहून त्यांना मोकळं केलं. आता नेम संपायला हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बळीरामजी खुरपं आणि टोपली घेऊन बाहेर आले, तर भिंतीपाशी मारोतराव उभे. पायात चप्पल, डोक्यावर टोपी, केस विंचरलेले.

"मी म्हटलं," ते घसा खाकरून म्हणाले, "तुमी रोज एकटेच जाऊन राहिले. साखळी मी धरतो."

"धरा ना." बळीरामजींनी साखळी दिली, आणि जरा विचार करून राखेचा डबाही पुढं केला. "पन साखळीसंगं हेही येते."

मारोतरावांनी डब्याकडं पाहिलं. नळावरच्या बाया पाणी भरायचं थांबवून पाहत होत्या. लकडगंजातल्या टालीचा मुनीम, कपाळाला गंध लावलेला माणूस. त्यांनी डबा घेतला.

त्या सकाळी नळावर जेवढं हसू झालं तेवढं पुढं कधी झालं नाही. एका दारात एक माणूस खुरपं घेऊन दिसला तर त्याची चेष्टा होते, दोन दिसले की लोक आपल्या दाराकडं पाहू लागतात. त्या दिवाळीपासून मारोतराव दर वर्षी स्वतः घरोघर सांगत फिरत की लडी टिनावर टाकू नका, गल्लीच्या तोंडाशी लावा. सांगताना ते पोटरी दाखवत. खूण तशी फारशी राहिली नव्हती, पण ते बोटानं जागा नेमकी दाखवत आणि गोष्ट दर वर्षी थोडी मोठी होत गेली. बळीरामजी शेजारी उभे राहून मान डोलावत, एकदाही दुरुस्ती करत नसत.

पुढच्या काही वर्षांत त्या गल्लीत आणखी कुत्री आली. ज्याला पाळायचं असे तो आधी बळीरामजींकडं येई. ते काही मोठं व्याख्यान देत नसत. विचारत, "सकाळी उठाले जमन का? शेजाऱ्याले विचारलं का? गावाले गेल्यावर कोन पाह्यन?" तिसऱ्या प्रश्नाला बरेच जण अडत, आणि घरी जाऊन विचार करून येतो म्हणत. काही परत येत नसत. ते बरंच झालं, असं मीराबाई म्हणे.

वजीर म्हातारा झाला तेव्हा बळीरामजींचीही नोकरी संपत आली होती. कुत्र्याला एका डोळ्यानं दिसेना, चालताना मागचे पाय वाकडे पडत. फिरायला जायचं ते आता तलावापर्यंत नव्हतं, कोपऱ्यावरच्या कडुलिंबापर्यंत. तिथं दोन दगड होते. एकावर बळीरामजी बसत, दुसऱ्यावर मारोतराव, आणि मध्ये सावलीत वजीर. मंडळात नवीन लागलेला एक मीटरवाला त्या बाजूला येऊ लागला होता. पहिल्या दिवशी वजीरला पाहून तो थबकला आणि सायकल आडवी धरू लागला.

"या हो बिनधास्त," मारोतराव म्हणाले, "काही करत नाही तो."

"असं नाही म्हनायचं, मारोतराव," बळीरामजी म्हणाले. ते दगडावरून उठले, वजीरच्या गळ्यातला पट्टा हातात धरला आणि पोऱ्याला म्हणाले, "हं, आता जा. धरून ठेवलं मी."